साहेबांनी पाटाची रीत विचारली

आमच्या तालुक्याच्या कोर्टात नवीन न्यायाधीश आले की समोरच्या चहाच्या टपरीवर चौकशी सुरू होते. साहेब कोणत्या समाजाचे? कोणाच्या ओळखीतले? वारसाच्या प्रकरणात बाईमाणसाचं ऐकतात की नाही? आमचं प्रकरण लागलं तेव्हा मीही हेच विचारत फिरले होते. आज कोणी मला विचारलं तर मी सांगते, हे प्रश्नच चुकीचे आहेत. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. चिखलीच्या कॉलेजनं मला लिहायला, बोलायला शिकवलं आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण चांगला न्यायाधीश कसा असतो ते मी कोर्टातल्या मागच्या बाकावर बसून शिकले, आणि तेही माझी चूक उघडी पडल्यावर.

माझे बाबा डोणगावकडच्या एका गावात शाळेत शिपाई होते. ते गेल्यावर घर आणि पेन्शन मायच्या नावावर व्हावं म्हणून आम्ही वारस दाखल्यासाठी कोर्टात अर्ज केला. पेपरात जाहीर नोटीस दिली. कोणी हरकत घेईल असं स्वप्नातही नव्हतं. हरकत आली ती दादाची. दादा म्हणजे बाबांच्या पहिल्या बायकोचा मुलगा. ती बाळंतपणात गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मायनं त्याला न्हाऊमाखू घातलं, गोवरात रात्रंदिवस मांडीवर घेतलं, दहावीला दोनदा बसवलं. त्याच दादानं लिहून दिलं होतं की अर्जदार बाई ही मयताची लग्नाची बायको नाही, घरकामासाठी ठेवलेली बाई आहे.

वकिलानं तो कागद वाचून दाखवला तेव्हा माय एवढंच म्हणाली, "पुन्हा वाचा."

पुन्हा वाचल्यावर म्हणाली, "हे आता पुसल्याबिगर मी मरत नाही."

दादाकडून निरोप आला. अर्ज मागे घ्या, मागची खोली हयातभर वापरा, कोर्टकचेरी कशाला? गावातल्या दोन शहाण्या माणसांनीही तेच सांगितलं. मायनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "खोलीचं मंग पाहू. आधी मी कोण होती ते ठरू द्या."

आता माझी चूक सांगते. मायचं बाबांशी लागलं ते लग्न नव्हतं, पाट होता. ती आधी एका घरी दिलेली. दीड वर्षात तो माणूस साप चावून गेला. विधवेचं दुसरं लागतं त्याला आमच्याकडे पाट म्हणतात. मांडव नसतो, वाजंत्री नसते, पत्रिका नसते. चार माणसं बसतात, नवरा लुगडं आणतो, बांगड्या भरतात, कुंकू लावतात, झालं. पाट लागलेल्या बाईला दुसऱ्याच्या लग्नात हळदीला हात लावू देत नाहीत. लहानपणी मी पाहिलंय, बायका हळद दळायला बसल्या की माय आपण होऊन उठून पाण्याकडे जायची. शाळेत एकदा एका मुलीनं मला "पाटाच्या बाईची" म्हटलं होतं. त्या शब्दाची मला लाज वाटायची. माझ्यासाठी तेव्हा स्थळंही येत होती.

म्हणून मायचं प्रतिज्ञापत्र तयार होताना मी वकिलांना सांगितलं, "विवाह वैदिक पद्धतीने, मांडव घालून, गावातील देवळासमोर झाला, असं लिहा." त्यांनी विचारलं, "खरंय ना?" मी हो म्हणाले. माय सही करायला शिकली होती, वाचायला नाही. मी तिला घरी बसवून पाठ करून घेतलं. ती म्हणाली, "असं काऊन सांगायचं वं?" मी म्हणाले, "कोर्टात असंच चालते." मी बी.ए. होते. तिनं ऐकलं.

साहेब कोल्हापूरकडचे होते, चाळिशीचे, बारीक आवाजाचे. टपरीवर त्यांच्याबद्दल एकच तक्रार होती की हा माणूस तारखा लवकर देतो आणि कोणाच्या घरी जेवायला जात नाही.

माय साक्षीला उभी राहिली. दादाचे वकील उलटतपासाला उठले.

"बाई, मांडव घातला होता?"

"हाव."

"लग्न लावलं कोणत्या भटजीनं?"

मायनं कठडा धरला.

"पत्रिका छापली होती? फोटो आहे? वऱ्हाड किती होतं?"

मी मागच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "सर, जुनी गोष्ट आहे, आईला आठवत नाही—"

"तुम्ही बसा," साहेब म्हणाले. "साक्ष त्यांची आहे. त्या बोलतील."

मी बसले. मायनं कठड्यावरचा हात काढला, पदर नीट केला आणि वकिलाकडं न पाहता सरळ साहेबांकडं पाहून बोलली.

"साहेब, मांडव गिंडव काई नव्हता. माहा पाट लागला होता. पाटाले पत्रिका छापते काय? या वकिलायले विचारा, यायच्या गावात छापली होती काय कोणी."

मागे लोक हसले. वकीलही हसले, त्यांना हवं ते मिळालं होतं. "म्हणजे प्रतिज्ञापत्र खोटं आहे, सर. शपथेवर खोटं. अर्ज इथंच फेटाळावा."

एखाद्या साहेबांनी तेवढ्यावर फेटाळलाही असता. दुसऱ्या एखाद्यानं म्हातारीची दया येऊन काणाडोळा केला असता. या साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "हे प्रतिज्ञापत्रात कोणी लिहायला सांगितलं?"

मी उभी राहिले. "मी, सर."

"शिक्षण?"

"बी.ए."

"आईच्या तोंडी खोटं घातलंत तुम्ही. तुमच्यामुळे आता त्यांचं खरंही मला तपासून घ्यावं लागेल." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मग ते मायकडे वळले आणि म्हणाले, "मी इकडचा नाही. पाट म्हणजे काय, कसा लागतो, मला माहीत नाही. तुम्ही सांगा. सावकाश."

न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून भरल्या कोर्टात "मला माहीत नाही" म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे तलाठीसुद्धा तसं म्हणत नाही. मायनं सांगितलं. कोण बसलं होतं, लुगडं कोणत्या रंगाचं, बाबांनी कुंकू कसं लावलं, दादा तिच्या मांडीवर बसून खोबरं कसं खात होता. दादाचे वकील दोनदा म्हणाले, "सर, याचा संबंध काय?" साहेब म्हणाले, "कायद्याला मांडव लागत नाही, त्या समाजाची रीत पुरते. रीत काय ते ऐकतोय." मायचं वाक्य ती बोलली तसंच टाइप करून घेतलं. "पाट लागला होता" याचं "पुनर्विवाह संपन्न झाला" असं त्यांनी केलं नाही. दादाच्या वकिलालाही त्यांनी सगळे प्रश्न पुरे करू दिले, मायला झोंबणारेसुद्धा. शेवटी साहेबांनी मायला विचारलं, "बांगड्या कोणी भरल्या?"

"मणियारीण चाचीनं."

"हयात आहेत?"

"हाव. डोणगावाच्या बाजारात बसते."

"पुढच्या तारखेला आणा. नातेवाईक नकोत मला."

चाची बांगड्या भरणारी. तिच्या घरात तीन पिढ्या तोच धंदा. मी आणायला गेले तेव्हा तिनं मला आधी झापलं. "तू शरमाती क्या माँ के पाट से? तेरे बाप ने तो नहीं शरमाया." कोर्टात दादाच्या वकिलानं तिला विचारलं, "चाची, हजारो हात भरले असतील. हाच कसा आठवतो?"

चाची म्हणाली, "वकील साब, शादी की चूडी कोई भी भरता. रांड हुई बाई का सूना हाथ भरने को सब मणियार नहीं जाते. मेरी सास नहीं जाती थी. मैं गई. घर में झगडा हुआ था उस दिन, वो भूलूंगी क्या? और ये," तिनं दादाकडं बोट केलं, "ये छोटा था, इसने दो चूडी फोड दी. मैंने इसके कान पे एक दी थी. पूछो इसको."

कोर्टात हशा झाला. साहेबही हसले असतील. त्यांनी मान खाली घातली होती. दादानं कानाला हात लावला नाही, पण तो चाचीकडंही पाहू शकला नाही.

निकालात तीन वारस ठरले. मी, दादा आणि पहिलं नाव मायचं, "मयताची कायदेशीर पत्नी". खोट्या मजकुराबद्दल माझ्यावर कडक ताशेरा आहे. तो वाजवी आहे आणि मी तो झाकत नाही. बाबांच्या नावावर थोडं शेतही होतं, त्याचं विचारलं तर साहेब म्हणाले, तो या अर्जाचा विषय नाही, त्यासाठी वेगळं जावं लागेल. हातात होतं तेवढंच त्यांनी दिलं आणि तेवढं पुरतं दिलं.

गावात लोक म्हणाले, नशीब, साहेब चांगले निघाले. नशीब कसलं? म्हातारीला बोलू द्यायचं, शिकलेल्या पोरीला बसवायचं, माहीत नाही ते विचारायचं, विरुद्ध बाजूचंही पुरतं ऐकायचं, दया आली तरी पुरावा मागायचा. ही रोजची मेहनत आहे. ती जिथं होत नाही तिथं आपण त्याला नशीब म्हणून गप्प बसतो. मी बसणार नाही. आता आमच्या भागातल्या कोण्या बाईचे असे कागद करायचे असले की मी सोबत जाते आणि पाट असेल तर पाटच लिहायला लावते. माझ्या स्थळांपैकी एक जण निकालाबद्दल ऐकून परत आला नाही. न येवो.

निकालाच्या दिवशी आम्ही जीपच्या थांब्यावर उभ्या होतो. दादा लांबून आला. मान खाली. मायच्या समोर उभा राहिला. शेवटी म्हणाला, "जीप भरून राह्यली. चाल."

माय म्हणाली, "मी तुह्या बापाची बायको ठरली न रे आज?"

दादानं जीपकडं पाहिलं.

"बोल न बे. ठरली का नाही?"

"ठरली."

"तं मंग तुही माय बी ठरली. धर हे थैली, हात दुखून राह्यला माहा."

त्यानं थैली घेतली. मी अजून त्याच्याशी बोलत नाही. मायला सांगितलं तर म्हणते, ते तुहं तू पाह्य.