प्लास्टिकमधलं हेलिकॉप्टर

बजाजनगरातले माझे शेजारी मॉडेल हेलिकॉप्टर उडवायचे. कंपनीतली नोकरी सुटली होती. उड्डाणाची परीक्षा पास झाले, तर मॉडेल उडवायला शिकवायची नोकरी मिळणार होती. दुष्काळात कोरड्या पडलेल्या तलावात ते लहान हेलिकॉप्टरवर सराव करायचे. परीक्षेसाठी घेतलेलं मोठं मात्र हळदीकुंकू लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं होतं.

परीक्षेच्या सकाळी वारं सुटलं. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी; स्पष्टच बोललो, "भाऊ, मोठं न्या. वजनदार आहे, वाऱ्यात हलणार नाही."

"नाय सर, लई जपलंय. पडलं तर?"

"मग जपलं कशासाठी?"

ते लहानच घेऊन गेले. वाऱ्यानं ते परीक्षकांसमोरच आपटलं.

परवा प्लॉटवाल्यांनी तलावात हद्दीचे दगड रोवले; सरावाची जागाही गेली. मोठ्या हेलिकॉप्टरवरची धूळ भाऊ अजून रोज पुसतात, प्लास्टिक न काढता.