काळ्या मसाल्याची काडतुसं

बंदुकीच्या काडतुसांवर घाऊक सूट मिळत नाही, ही गोष्ट मला अजूनही मान्य नाही.

सायकलवर लसूण विकण्यापासून सुरुवात करून आज चिखलीत माझं भुसाराचं दुकान आहे, ते निव्वळ भाव करण्याच्या जोरावर. (स्वतःच्या लग्नात मी मांडवातून उठून बँडवाल्याशी घासाघीस केली होती. बायको, शोभा, हे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.) साखरखेर्ड्याच्या रस्त्याला माझं शेत आहे. तिथला मका रानडुकरं माझ्याआधी काढतात, म्हणून पीक संरक्षणाचा परवाना काढून मी एक बंदूक घेतली. हवेत बार काढायचा, डुकरं पळतात. पण एकेका बाराचा भाव ऐकला की डुकरांआधी मीच पळावं असं वाटतं!

"पेटीभर घेतो," मी काडतुसांच्या दुकानदाराला म्हणालो. "घाऊक लावा."

"पेटीभर तुम्हाले देताच येत नाही, शेठ. लायसनवर जेवढे लिहिले, तेवढेच भेटतीन."

"मग तेवढ्यालेच घाऊक लावा!"

"तेवढ्याले घाऊक म्हणत नाहीत."

म्हणजे घाऊक घेतलं तर स्वस्त, आणि घाऊक घ्यायला बंदी! दुसऱ्याला घाऊक विकूनच मोठा झालेला मी, आणि मला हा माणूस किरकोळ गिऱ्हाईक म्हणून वागवतो. मी त्याच्या काउंटरवर असा हात आपटला की दोन दिवस तराजू डाव्या हातानं धरावा लागला.

घरी येऊन हे दुःख मी मेहुण्याला सांगितलं. गजानन, शोभाचा धाकटा भाऊ. मोबाइलवर जगातलं सगळं पाहतो आणि त्यातलं एकही स्वतः करत नाही.

"दाजी, काऊन विकत घेता बे... म्हणजे, काऊन घेता?" तो म्हणाला. "फॉरेनात लोकं रिकाम्या नळ्या घरीच पुन्हा भरतात. अर्ध्यात काम!"

'अर्ध्यात' हा शब्द माझ्या कानात एकदा शिरला की बाकीचे शब्द बाहेरच उभे राहतात.

"आणि बारूद?"

"त्याची परवानगी-बिरवानगी मी पाहतो. तुम्ही तवरक हात बसवा. बारुदीसारखं काहीतरी काळं घ्या अन् भरून पाहा."

घरात बारुदीसारखं काळं काय असतं? शोभाचा काळा मसाला! वर्षभराचा, डबाभर, तिनं उन्हात बसून स्वतः केलेला. ती माहेरी वडनेरला गेली होती. मी डबा खाली काढला. छर्ऱ्यांच्या जागी सायकल दुरुस्तीवाल्याकडचे जुने छर्रे घातले. एरवी माणूस एवढ्यावर थांबला असता. पण वजनात खोट ठेवणं माझ्या धंद्यात बसत नाही! प्रत्येक नळी मी काट्यावर ठेवून अस्सल काडतुसाशी तंतोतंत जुळवली. जुन्याच घड्यांवर तोंड दुमडलं. उडवलेल्या काडतुसाच्या बुडाला, बंदुकीच्या घोड्याचा ठोका पडून खळगा झालेला असतो, तिथं शोभाच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, म्हणजे नकली ओळखू यावीत. ठिपक्यानं खळगा छान बुजला. मग नकली आणि अस्सल एकाच डब्यात ठेवून मी समाधानानं दुकानात गेलो.

संध्याकाळी गजानन म्हणाला, "दाजी, तुमी अर्ध्यालेच रंग लावला व्हता. बाकीच्याले मी लावून टाकला. आता कसे एकसारखे दिसून राह्यले!"

मी ओरडलो. तोही ओरडला. मग आम्ही डबा पाटावर ओतला. वजन सारखं (माझी कृपा!), तोंड सारखं, बूड लाल. हलवून पाहिलं, वास घेतला. वास सगळ्यांनाच मसाल्याचा येत होता, कारण माझ्या हातालाच तो होता.

"एकेक फोडून पाहू," गजानन म्हणाला.

"अन् अस्सल फुटलं म्हणजे? त्याचे पैसे तुहा बाप देईन?"

त्याचा बाप म्हणजे माझा सासरा, हे मला नंतर आठवलं.

आणि दुसऱ्याच दिवशी निरोप आला. परवाना नूतनीकरण आहे, बंदूक, काडतुसं आणि रिकाम्या नळ्या घेऊन ठाण्यात या. परवाना गेला तर मका गेला. मी डबा उचलला आणि निघालो.

ठाणेदार साहेबांनी डब्यातली काडतुसं मोजली, कागद पाहिला. घेतली तेवढी सगळी भरलेलीच!

"वर्षभरात एकही उडवलं नाही तुम्ही?"

"नाही साहेब!" गुन्हा नको म्हणून मी पटकन म्हणालो.

"मग बंदूक कशाला पाहिजे? रद्द करू परवाना."

"उडवले ना साहेब! लय उडवले!"

"मग रिकाम्या नळ्या कुठे आहेत?"

"ह्याच की."

"या तर भरलेल्या आहेत. घरी भरल्या? विनापरवाना? गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

पुढे आड, मागे विहीर, आणि मी मध्ये डबा घेऊन! अशा वेळी माणसाची सवयच कामाला येते. मी म्हणालो, "साहेब, तुमचंही राहू द्या, माझंही राहू द्या. अर्धे उडवले धरा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही माझ्याशी भाव करून राह्यले?"

"साहेब, त्यात मसाला आहे हो! काळा! भाजीचा!"

यावर तर कोणाचाच विश्वास बसेना. हवालदारानं चार हात लांब धरून एक नळी चिरली. नशीब, नकली निघाली. पंखा चालू होता. पहिली शिंक हवालदाराची, दुसरी साहेबांची, आणि मग कोठडीतला एक पाकीटमारही शिंकायला लागला.

तेवढ्यात शोभा दारात. गजाननानं फोन केला होता, ती वडनेरहून मिळेल त्या जीपनं आली होती. हातात नेलपॉलिश पुसायची बाटली. तिनं एकेक बूड पुसलं. खळगा दिसला की इकडे, नाही दिसला की तिकडे. सगळी निवडून झाली, तसा तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला.

"अवो, मले एक फोन कराले काय झालं व्हतं? अन् मसाला किती उरला?"

मी कोठडीकडे आशेनं पाहिलं.

साहेबांनी डोळे पुसत परवाना दिला. वर दम दिला, की पुन्हा रिकामी नळी भरलेली दिसली तर बंदूक इथंच राहील. मसाला मात्र तपासासाठी ठेवून घेतला. आठ दिवसांनी हवालदार दुकानात आला.

"साहेबांच्या कोंबडीले लय चव आली. शोभाताईले म्हणा, थोडा अजून पाह्यजे. घाऊक काय लावता?"

आयुष्यात पहिल्यांदा ठाण्यातून घाऊकचं गिऱ्हाईक आलं होतं, आणि माझ्याकडे चिमूटभर माल नव्हता!

गजाननच्या बारुदीचा शब्द मी परत काढला नाही. नव्या मसाल्याचा खर्च धरला, तर त्या दुकानदाराची काडतुसं फुकट पडली असती. हे मी त्याला कधीही सांगणार नाही. हल्ली काडतूस जपून वापरतो. डुकरं आली की मी बांधावर उभा राहून पत्र्याचा डबा बडवतो. त्याला परवाना लागत नाही, आणि आवाजही दणदणीत येतो, कारण शोभाच्या मसाल्याचा तो डबा मी तळापर्यंत रिकामा केलेला आहे.