पायाळूचा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले, डोकं मागून. अशा माणसाचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात, आणि या एका समजुतीने माझं लहानपण पार नासवलं. शनिवार उजाडला की उमरखेडच्या आमच्या घरासमोर कोणीतरी कंबर धरून उभं असायचंच. बाजारातले हमाल, शेजारचे मास्तर, एकदा तर वडिलांच्या कचेरीतले साहेब. ते ओसरीवर पालथे पडायचे, आई मला आतून हाक मारायची, आणि मी हातातलं पुस्तक टाकून तीनदा टाच लावून यायचे. साहेबांना मी जरा जोरातच लावली होती. त्यांची उसण गेली, म्हणून आई मला काही बोलली नाही.

मी फिजिओथेरपी शिकले ती या पायापासून सुटका करून घ्यायला. साडेचार वर्षं घासून परत आले आणि एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मागची खोली घेतली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं : इथे पाय लावला जात नाही. लोक ते वाचायचे, हसायचे आणि चप्पल काढून पालथे पडायला लागायचे. माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची की बस.

कापसाने माणसांना रडवलं, ती ही वर्षं. बोंडं किडकी निघायची, आणि मूठभर कापसासाठी बायांना आधीपेक्षा जास्त वाकावं लागायचं. ज्यांना बारावीचा कागद मिळाला होता, ती पोरं-पोरी शेतातून सुटायचा एकच रस्ता धरून होती, पोलीस भरती. पहाटे कुठल्याही रस्त्याने जा, कोणीतरी धापा टाकत पळत असायचं. त्यांतली निम्मी पुढे माझ्याकडे यायची. कोणाचा गुडघा, कोणाची पोटरी, बहुतेकांची कंबर.

तीही त्यांतलीच. फुलसावंगीच्या पुढच्या तांड्यावरची, बंजारा घरातली, एकवीस वर्षांची. पहाटे धावायची, मग गोळा फेकायची, दिवसभर पोटाशी ओटी बांधून कापूस वेचायची आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन घरी. अशी कंबर दुखली नसती तरच नवल. कळ डाव्या पायात उतरत होती. मी तिला सांगितलं, गोळा बंद, गाठोडं बंद, धावणं बंद. अंथरुणावर पडून राहायचं नाही, सोसेल तेवढं चालायचं, आणि पालथं झोपून करायचे दोन व्यायाम रोज. कळ वाढली किंवा दुसऱ्या पायात गेली तर त्याच दिवशी यायचं. तिने मान डोलावली. भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, दहा दिवसांवर होतं. ती धावणं सोडणार नाही, हे मला तेव्हाच दिसत होतं.

पुढच्या शुक्रवारी तिची आई एकटीच आली. बाजाराला आली होती, जाता जाता डोकावली. बाहेरच्या बाकावर चार-पाच पुरुष बसलेले, दार उघडं, माझ्यासमोर एक पेशंट. पदर पुढे ओढून ती हळूच म्हणाली, "बाई, पोरगी रातपासून बाहेर नाई गेली."

मला इतका आनंद झाला! म्हटलं, शेवटी एकदाची ऐकली म्हणायची. "शहाणी आहे. अजून दोन दिवस बाहेर जाऊच देऊ नका," मी सांगितलं.

तिने पुन्हा विचारलं, "जाऊच नाई द्याचं?"

"अजिबात नाही."

ती गेली. मी पुढच्या माणसाचा गुडघा हातात घेतला.

शनिवारी अकराच्या सुमाराला दोघी जीपमधून उतरल्या. मुलगी आईच्या खांद्यावर रेलून आली, दोन्ही पाय घासत. चेहरा पांढरा. मी काही विचारायच्या आतच आईने हात जोडले. "आज शनवार हाये, बाई. म्हणून तर आणली. पाय लावा."

"मावशी, भिंतीवर काय लिहिलंय?"

"मले कुठी वाचता येते? तीन डाव लावा, मंग तुमचं जे काय हाये ते करा."

मी सांगून पाहिलं, चिडून पाहिलं. मुलगी तोवर खाली चटईवर पालथी पडलीसुद्धा. बाहेर माणसं खोळंबलेली. म्हटलं, चला, अर्ध्या मिनिटात मोकळी होईन, मग नीट तपासेन. वैतागानेच चप्पल काढली आणि भिंतीला हात धरून उभी राहिले.

पहिल्यांदा टाच कंबरेवर टेकवली, ती कळवळली. दुसऱ्यांदा जरा खाली, माकडहाडाच्या वर, तर ती गप्प. तिसऱ्यांदा पाय आणखी खाली, बसतो त्या जागेवर गेला, आणि रागाच्या भरात मी चांगला दाबला.

चटईत तोंड खुपसूनच ती म्हणाली, "ताई, लावा ना जी. तिसऱ्या डावाचा रायला."

माझा पाय तिच्या अंगावर होता. सगळा भार देऊन मी उभी होते.

"आता?" मी विचारलं आणि आणखी दाबलं.

"लावला नाई ना तुमी अजून."

मी झटकन पाय काढला. दार लावलं, पडदा ओढला, ओढणीची पिन काढली आणि टोचून बघितलं. मांडीच्या बाहेरून तिला कळत होतं. आतल्या बाजूला आणि बसायच्या सगळ्या जागेवर काहीच नाही. पोटावर हात ठेवला तर ओटीपोट टणक लागलं. मी आईला विचारलं, "ही लघवीला कधी गेली होती?"

आईने आधी दाराकडे पाहिलं, मग करंगळी वर केली. "हेच तर सांगतलं ना काल, बाई. बाहेर नाई गेली म्हणून. गुरुवारच्या रातपासून. थेंब थेंब येते, तिले कळतबी नाई."

तांड्यावर संडास नव्हते. बाया शेतात जायच्या, आणि त्या जाण्याला बाहेर जाणं म्हणायच्या. मी याच तालुक्यात वाढले होते. हे मला माहीत असायलाच हवं होतं. पण आमच्या घरात संडास होता, आणि माझ्या लेखी बाहेर म्हणजे धावायला.

मणक्यामधली गादी सरकून खालच्या सगळ्या नसा चेपल्या होत्या. कंबर दुखणाऱ्या हजारातल्या एखाद्याचं असं होतं, आणि मग दिवस नाही, तास मोजायचे असतात. त्यांतला अख्खा एक दिवस माझ्या शहाणपणात गेला होता. डॉक्टरांनी नळी घालून लघवी काढली, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला आणि म्हणाले, आत्ता निघा.

मुलगी उठेना. "ऑपरेशन करतीन काय?" तिने विचारलं.

"करावं लागेल."

"मंग मी नाई जात. ऑपरेशनवाल्याले भरतीत घेत नाई. ग्राउंड सोमवारी हाये. आता तुमी पाय लावला ना? उद्यापरेंत पाहू."

मी समजावलं. नसांचं चित्र काढून दाखवलं. पाय कायमचे जातील म्हटलं, जन्मभर नळी लागेल म्हटलं. एका दमात इतकं भयंकर मी कोणाला कधी बोलले नव्हते. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आई एकदा तिच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. माझा आवाज चढला. साडेचार वर्षांत शिकलेलं एकही वाक्य त्या पोरीच्या कानात शिरत नव्हतं.

शेवटी मी तिच्या आईसमोर खाली बसले. "मावशी, मी पायाळू आहे ना?"

"हो जी."

"मग ऐका. माझ्या पायाला कळलं. ही उसण नाही. उसण असती तर पायाखाली लागली असती. पायाळूचा पाय हिला उतरवू शकत नाही, आणि उद्यापर्यंत थांबलात तर कोणीच उतरवू शकणार नाही."

बाई ताडकन उठली. लेकीच्या काखेत हात घालून आपल्या भाषेत काहीतरी कडक बोलली आणि तिला उभीच केली. दोन मिनिटांत जीप हलली. मीही चढले. मुलगी सगळा रस्ता माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मी दर थोड्या वेळाने तिच्या पायाचा अंगठा चिमटीत धरायचे आणि विचारायचे, कळतंय का? दर वेळी हो आलं की पुन्हा घड्याळ बघायचे.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. भरती गेली. पाय मात्र दुसऱ्या दिवसापासून हलायला लागले. लघवीचं काय होईल, ते तिथले डॉक्टरही सांगत नव्हते. नळी काढल्यावरच कळेल, म्हणाले.

नळी काढायच्या दिवशी मी परत गेले. सकाळी नऊला काढली. मुलगी काठी टेकत बाथरूममध्ये गेली आणि दार लोटून घेतलं. आई आणि मी बाहेर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून काही आवाज नाही.

तिथे उभं राहवेना, तेव्हा मी बोलले. "मावशी, त्या शुक्रवारी तुम्ही मला बरोबर सांगितलं होतं. माझ्याच डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, ती पळायला जात नाही. चूक माझी आहे. एक दिवस माझ्यामुळे गेला."

तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मग म्हणाली, "तुमी म्हनलं ना, जाऊच देऊ नका. मी घरी जाऊन तिचं पानी बंद केलं. रातभर मांगत होती पोरगी. मी नाई देल्लं."

त्या बाईच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. आधी तुटक, मग एकसारखी धार. मुलगी दाराआडून आईला हाक मारत ओरडली, "याडी! झाली! माह्यी मले झाली!" वॉर्डातल्या बायांनी माना वळवल्या. तिच्या आईने डोळे मिटले. मी तर उभ्या उभ्या रडायलाच लागले.

मुलगी भिंत धरत धरत बाहेर आली, खाटेवर बसली आणि हात पुढे केला. आईने तांब्या उचलला, तिच्या ओठांपर्यंत नेला आणि थांबली. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आता देऊ ना पानी, बाई?"