गंगाबाईसाठी दोन पत्रं

दोरखंडाच्या दुकानात सगळं मापून द्यावं लागतं. किस्से तेवढे बिनमापाचे. त्यांना गोदाम लागत नाही, उंदीर कुरतडत नाहीत, अन् सुतळीचं टोक ओढलं की अख्खा गुंडा घरंगळावा तसे एकामागं एक सुटत जातात.

लातूरला माझं बैलांच्या साजाचं दुकान आहे. कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा. तिथल्या बाकड्यावर आमचं वाचकमंडळ बसतं: कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या कुलकर्णी मॅडम, झुली शिवणारे रज्जाकभाई, देवणीकडचे शेतकरी मारोतराव आणि सातवीत शाळा सुटलेला मी, शिवाप्पा.

मंडळ मोठं, पुस्तक मात्र एकच! नांदेडच्या आमच्या गुरुजींची कादंबरी. गंगाबाई नावाची बाई आपला बैल घेऊन देवणीहून लोह्याच्या बाजाराला एकटी पायी निघते, एवढीच गोष्ट. त्याआधी मी फक्त दुकानांच्या पाट्या वाचायचो. वाचायची गोडी लावली ती गंगाबाईनं. म्हणून तिची एक प्रत आजही दुकानात सुतळीनं टांगलेली असते. गिऱ्हाईक कासरा निवडेपर्यंत दोन पानं वाचतं. काही जण तर कासरा न घेताच जातात, पण पान दुमडून जातात!

मारोतरावांना वाचता येत नाही. त्यांच्या मंडळी, कोंडाबाई, त्यांना वाचून दाखवतात. तरी कुणी विचारलंच तर मारोतराव म्हणतात, "पुस्तक तोंडपाठ हाय माझं. फक्त अक्षरं वळखू येत न्हाईत!"

०

या कादंबरीवर सिनेमा निघतोय, ही बातमी आली त्या दिवशी मी बाजारात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी नायिकेचा फोटो आला.

मुंबईची मुलगी. गोरीपान, नाजूक, अठ्ठावीस-तीस वर्षांची. आमची गंगाबाई पन्नाशीची, काळीसावळी, आडव्या हाडाची. मोबाइल बाकड्यावरून हातोहात फिरला.

शेवटी मारोतराव म्हणाले, "पोरगी ग्वाड हाय. पन हिनं कासरा धरला तर बैल हिला लोह्याला न्हाई, डायरेक्ट मुंबईला परत सोडून यील!"

०

मी गुरुजींना फोन लावला. वाटलं, तेही चिडले असतील. ते हळूच म्हणाले, "शिवाप्पा, हा सिनेमा याआधी तीनदा होता होता राहिलाय. भांडू नका. ते लोक सामान गुंडाळून निघून जातील."

मग त्यांनी कधी न सांगितलेलं सांगितलं. लहानपणी ते किनवटच्या वसतिगृहात होते. तिथं स्वयंपाकाला एक गंगाबाई होती. नेमाप्रमाणं पोराला दोन भाकरी मिळायच्या. ही मागून येऊन ताटात तिसरी टाकायची अन् म्हणायची, "मोजू नगंस, खा." पुस्तकात हे वाक्य बैलाला वैरण घालताना येतं. ते तिथून आलेलं!

"तिचा एकही फोटो नाही रे," गुरुजी म्हणाले. "आता पडद्यावर जो दिसेल, तोच तिचा चेहरा."

फोन ठेवला अन् बाकड्यावर सगळ्यांना सांगितलं. मॅडमनी चष्मा पुसला. ठरलं: पत्र लिहायचं, पण साखरेत घोळून.

०

पत्र चार दिवस चाललं. मॅडम म्हणाल्या, सुरुवात 'सविनय'नं करू. रज्जाकभाई म्हणाले, "अप्पा, शिकायत करनी है तो पहले तारीफ करो." म्हणून आधी दिग्दर्शकांची तारीफ, मग नायिकेची, मग तिच्या आई-वडिलांच्या संस्कारांची. अगदी शेवटी, एका कोपऱ्यात, 'गंगाबाईचं वय व अंगकाठी यांविषयी आपण विचार केलाच असेल, अशी खात्री आहे.'

आठ दिवसांत उत्तर आलं. 'आपल्या मनःपूर्वक शुभेच्छांबद्दल संपूर्ण टीम आभारी आहे!'

तेव्हा मी दुसरं पत्र लिहायला घेतलं. हे सरळ होतं. त्यात आई-वडील नव्हते. सगळ्यांनी सह्या केल्या, मारोतरावांनी अंगठा दिला, अन् ते घडी घालून मी खिशात ठेवलं. गुरुजींचा शब्द आठवून ते टपालात टाकायचं मात्र धाडस होईना.

०

शूटिंग देवणीजवळ सुरू झालं. पहिल्याच दिवशी आम्ही गेलो, तर गंगाबाईच्या देवणी बैलाच्या जागी खिल्लार उभा! पांढराशुभ्र, लांब शिंगांचा. देवणी म्हणजे कसा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. हा फरक आमच्याकडं पाळण्यातलं पोरगंही ओळखतं.

दिग्दर्शकांनी कौतुकानं विचारलं, "कसा वाटतो बैल?"

मारोतरावांनी टोपी काढली, बैलाला नमस्कार केला अन् अदबीनं म्हणाले, "लई देखणा हाय साहेब. पाव्हणा हाय का?"

दिग्दर्शक हसले अन् मग हसायचे थांबले. दुपारी मारोतरावांचा बैल कॅमेऱ्यापुढं उभा होता. बैलाचं जमलं. बाईचं राहिलं.

०

दोन दिवसांनी ती मुलगी स्वतः दुकानात आली. कासरा पाहिजे म्हणाली. मी तिच्या हातांकडं बघितलं अन् मऊ सुती कासरा काढला.

"काका, गंगाबाईचा कासरा अंबाडीचा आहे ना?" ती म्हणाली. "पुस्तकात तिची बोटं सोलवटतात. तोच द्या."

तीस वर्षं गिऱ्हाईक ओळखण्याचा धंदा केला. त्या दिवशी दुकानदारच कच्चा निघाला!

जाताना तिनं विचारलं, "तुमचं पत्र मी वाचलंय, त्या कोपऱ्यासकट. शिकायला कुणाकडं जाऊ?"

मी मारोतरावांकडं बघितलं. मारोतराव म्हणाले, "माझ्याकडं नगं ताई. बैल माझं ऐकत न्हाई. आमच्या मंडळीचं ऐकतो."

०

ती कोंडाबाईंकडं राहिली. पहिल्या दिवशी बैलानं तिला बांधावरून फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशीही. मारोतराव रोज फोनवर खबर द्यायचे. "आज फक्त अर्धाच बांध!"

रज्जाकभाईंनी विचारलं, "अन् भाभी काय म्हणतात?"

"ती म्हनती, ही पडती, पन कासरा सोडत न्हाई."

०

आता शेवटचा किस्सा. नांदेडहून गुरुजींना शूटिंगला आणलं. नजर अधू, हातात काठी. दुसरं पत्र माझ्या खिशात होतंच. गुरुजींचा चेहरा पडला, तर आज द्यायचं, असं मॅडम अन् मी ठरवलेलं.

दुपारची सुट्टी झाली. सगळे लिंबाखाली जेवायला बसले. जमीन काळी, भेगाळलेली, गुरुजींचं ताट एका बाजूला कलंडत होतं. त्यांना साखरेचा त्रास, जेवण बेताचं. अर्धी भाकरी खाऊन त्यांनी ताट सारलं.

मागून एक हात आला. चुलीवरची अख्खी भाकरी ताटात पडली. बोटांची सालं निघालेली.

"मोजू नगंस, खा."

कॅमेरा बंद होता. एवढ्या मोठ्या माणसाला एकेरी! दिग्दर्शकांच्या हातातला घास हातातच राहिला.

गुरुजींनी मागं वळून बघितलं नाही. भाकरी मोडली अन् गुमान खाऊ लागले. ताट डगमगत होतं.

मॅडमनी माझ्यापुढं हात केला. मी खिशातलं पत्र काढून दिलं. त्यांनी त्याची अजून एक घडी केली अन् कलंडत्या ताटाखाली सारली.

गुरुजींनी ताट चाचपून बघितलं.

"आता हलत नाही," ते म्हणाले. "गंगाबाई, अजून अर्धी वाढ."