गोटीरामांची दहा वर्षं

पावणे गावच्या काशीबाई कागदोपत्री आपल्या नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या आहेत. शेतं कारखान्यांत गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळणार होती, पण वय पंचविशीच्या आत हवं होतं. गोटीराम पस्तिशीचे. त्यांनी दहा वर्षं कमी लावली, नोकरी केली आणि यथावकाश निवृत्तही झाले. ती कंपनी केव्हाच बंद पडली, तरी कोणी वय विचारलं की गोटीराम आजही दहा वर्षं गाळूनच सांगतात. कोणीतरी चौकशीला येईल ही धास्ती त्यांच्या हाडीमाशी खिळली आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या जठरात कॅन्सरची गाठ निघाली. सर्जन डॉ. क्षिप्रांनी आधार कार्ड पाहिलं, अठ्ठ्याहत्तर. ऑपरेशन करता येईल म्हणाल्या. गोटीरामांनी बायकोकडे बघून डोळे वटारले. घरी आल्यावर मुलगा हितेशही आईला म्हणाला की गप्प राहा, खरं कळलं तर हात लावणार नाहीत.

काशीबाई दोन दिवस गप्प राहिल्या. भूल खोट्या वयाला देणार आणि झोपणार खरा माणूस, हे काही त्यांना पटेना. तिसऱ्या दिवशी त्या एकट्याच रिक्षा करून हॉस्पिटलात गेल्या.

“डाक्टर, कागद खोटा हाय. यांचं वय अठ्ठ्याऐंशी हाय.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. नुसत्या वयावर काही ठरत नसतं, म्हणाल्या. त्यांनी फाइलमध्ये खरा आकडा लिहिला. गोटीरामांना त्याचा पत्ता नव्हता. मग हृदयाच्या, फुप्फुसांच्या तपासण्या नव्यानं झाल्या. त्यांना दोन जिने चढायला लावलं. ते चढले, आणि लिफ्ट असताना हे कशाला म्हणून वर जाऊन भांडले. ऑपरेशन ठरलं. मात्र एवढ्या वयात भुलीनंतर माणूस कधीकधी भ्रमतो, काहींचं डोकं पुन्हा ताळ्यावर येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काशीबाईंना मरणापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

जठराचा बराच भाग काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स अरुणा बाहेर आली. बाबांनी नाव, गाव बरोबर सांगितलं, पण भ्रम दिसतोय, वय चुकतंय, म्हणाली.

काशीबाई उठून तिच्यापाशी गेल्या. किती सांगितलं, म्हणून विचारलं.

“अठ्ठ्याहत्तर. तीनदा विचारलं, तीनदा तेच.”

काशीबाई बाकावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “लिवा बाय, मानूस पुरा शुद्धीवर हाय.”