चाळीस सेकंदांचे ठोके

पहाटे पाच चाळीसला सुराबायाच्या नौदल तळावर कमोडोर हस्तोमो कानाला हेडफोन लावून, हातात स्टॉपवॉच घेऊन बसले होते. लोखंडावर लोखंड आपटल्याचे ठोके. चाळीस सेकंद ठोके, दोन मिनिटं शांत. पुन्हा चाळीस सेकंद. ही फीत ते सहाव्यांदा ऐकत होते.

एकतीस वर्षं त्यांनी पाण्याखालचे आवाज ऐकण्यात घालवली होती. जावाचा समुद्र उथळ आणि गोंगाटाचा. कोळंबीचे थवे तेलात मोहरी तडतडावी तसे वाजतात. त्या गोंगाटातून पाणबुडी वेगळी काढणारा कान म्हणून ते ओळखले जात. तरुण अधिकारी आपसात म्हणत, म्हाताऱ्याला माशाचं पोट दुखलेलंही कळतं. पुढच्या महिन्यात त्यांना बढती मिळायची होती.

नऊ दिवसांपूर्वी, नौकेवरच्या सरावात, त्यांनी या ठोक्यांना पाणबुडी म्हटलं. बंद यंत्रांनी तळाशी बसलेल्या परक्या पाणबुडीत दुरुस्ती चाललीय, असं त्यांचं मत पडलं. सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, लेफ्टनंट पालुपी होती, नोकरीत जेमतेम दोन वर्षं झालेली. ती म्हणाली होती, "साहेब, हा मधेमधे थांबतोय. श्वास घ्यायला वर जाणारा माणूस असेल."

"मुली, तू रांगत होतीस तेव्हापासून ऐकतोय मी हे."

इशाऱ्याचे तीन छोटे सुरुंग टाकले गेले. मदुरा बेटावरचा कोळी दुरासिम आपल्या मासे जमवायच्या तराफ्याखाली बुडी मारून नांगराच्या साखळीची गंजकी कडी ठोकत होता. सरावाचा पट्टा रिकामा करायचा हुकूम त्याला मिळाला होता. पण राखणदार हलला की तराफ्याखालचे मासे दुसरा कोळी नेतो, म्हणून तो हलला नव्हता. बांबूचा तराफा रडारवर दिसला नाही. दुरासिम वर आला तेव्हा त्याच्या कानांतून रक्त येत होतं. संध्याकाळपर्यंत तो गेला.

नोंदवहीत एवढंच होतं: 'पाणबुडी, बहुधा.' खाली सही पालुपीची. कक्षातलं बोलणं फितीवर येत नाही.

चौकशी नऊला होती. आठला कॅप्टन गुनादी, त्यांचा जुना सोबती, कॉफी घेऊन आला. पोरीला ताकीद मिळेल, वर्षभर बढती अडेल, तिचं वय आहे, असं तो समजावत राहिला. शेवटी वैतागला. "तू काही बोलूच नकोस म्हणतोय मी. खोटं बोल म्हणत नाही. गप्प बसायला काय जातं तुझं?"

हस्तोमोंनी कॉफी घेतली नाही. "तिनं बरोबर ऐकलं होतं, गुना. मी सहा वेळा मोजलं."

समितीपुढे त्यांनी तेच सांगितलं, पालुपीचं वाक्य शब्दशः सांगितलं. मग विचारलं गेलं, हरकत होती तर लेफ्टनंटनी सही का केली? पालुपी म्हणाली, "साहेबांचा कान होता तो. मला वाटलं, माझंच चुकतंय."

दुपारी निकाल आला. हस्तोमोंची बढती रद्द, तीस दिवसांत निवृत्ती. सहीबद्दल पालुपीलाही ताकीद मिळालीच. जिन्यात ती समोर आली, सलाम केला आणि खाली उतरली.

उद्या सकाळी सहाला तीच नौका त्याच पट्ट्यात सरावाला निघेल. आठ ते बारा सोनारवर पालुपी आहे. चढणाऱ्यांच्या यादीत हस्तोमोंचं नाव नाही.