थायरॉइड, असं सांगितलं होतं

डॉक्टर म्हणाल्या, "मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर." म्हणजे नुसतं उदास वाटणं नव्हे; झोप, भूक, लक्ष, सगळंच बिघडवणारा आजार. मी पुण्याचा. कुणी जरा विचित्र वागलं की 'याला येरवड्याला धाडा' म्हणत आम्ही मनसोक्त हसायचो. त्या दिवशी हसू आलं नाही.

तीन महिने आंघोळ करणंही मला डोंगराएवढं वाटत होतं. पण इथं कॅनडात, मार्कहॅमच्या आमच्या मराठी मंडळात मी ठोकून दिलं, थायरॉइड आहे. झालं, सल्ले सुरू! प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला एका वहिनींनी, थायरॉइडला कोबी वाईट म्हणून, आठवणीने माझ्यासाठी कोबी न घातलेली वेगळी भाजी आणली. मी ती मुकाट्याने खाल्ली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी खोटं चालूच ठेवलं.

उपचार होते व्हिटबी शहराच्याही पुढे, एका लहान गावात. डे प्रोग्रॅम, म्हणजे दिवसभर तिथं आणि संध्याकाळी घरी. बायको, मुग्धा, गाडीने सोडायची. गोळ्या लागू पडायला काही आठवडे जातात, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. मी चौथ्याच दिवशी डॉक्टरांचं डोकं खाल्लं. "गिव्ह इट टाइम," त्या शांतपणे म्हणाल्या.

दुपारी नर्स आम्हाला फिरायला नेई. त्याच आवारात पूर्वी मोठं मनोरुग्णालय होतं. रुग्ण तिथं शेती करत, सगळ्यांचे कपडे धूत. काही बरे होऊन घरी गेले, काहींचं आयुष्य तिथंच सरलं. घरचे शेजाऱ्यांना सांगत, मुलगी मावशीकडे गेली आहे. मग हळूहळू पत्रं थांबत.

कुंपणापाशी त्यांची दफनभूमी होती. दगडांवर नावं नव्हती, नुसते आकडे.

"फॅमिलीज वेअर अशेम्ड," नर्स म्हणाली.

माझ्या बाबतीत तर घरचे लाजत नव्हते. माझं नाव मीच पुसत होतो. तिथंच मला रडू फुटलं, कित्येक महिन्यांनी. मोकळं वाटलं.

रविवारी मंडळातला नागपूरचा शिरीष भेटायला आला. "धण्याचं पाणी पी बे, थायरॉइडला बेस्ट," त्याने सुरुवात केली.

"थायरॉइड नाही रे. डिप्रेशन आहे. हॉस्पिटलात जातो रोज."

मुग्धा चहा आणायला आत गेली, तेव्हा तो पुढे झुकून हळूच म्हणाला, "तिथं पेशंट म्हणून नाव कसं नोंदवायचं बे? माझ्यासाठीच विचारतोय."